उड्डाण दहा तासांचे, बसणे वीस तासांचे

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमान ते नऊ ते दहा तासांत कापते. परतताना वारा पाठीशी असल्याने साधारण तासभर वाचतो. पण जालन्याहून नातवंडांना भेटायला निघालेल्या आजी-आजोबांचा प्रवास मुंबईत सुरू होत नाही. वंदे भारतने मुंबई गाठायलाच जवळपास सात तास लागतात. त्यात विमानतळावरचे तीन-चार तास मिळवले, की बेरीज वीसवर जाते.

पायांना हिशेब या वीस तासांचा द्यावा लागतो. चालताना पोटरीचे स्नायू शिरांमधले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. बसून राहिल्यास ते रक्त साचते आणि गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालानुसार चार तास किंवा अधिक बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो. मग ते विमान असो, रेल्वे असो की बस. तरीही प्रमाण सहा हजारांत एक इतकेच, त्यामुळे घाबरू नये.

तासा-दोन तासांनी उठून चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी प्यावे, झोपेची गोळी टाळावी. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोग असेल किंवा पूर्वी गुठळी झाली असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे. धोका घरी पोहोचल्यावरही काही आठवडे राहतो. एकच पोटरी सुजून दुखू लागली तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली तर थेट रुग्णालय गाठावे.