शैलीनियमांचे बलाबल

जयपूरच्या परकोटाबाहेर, रेल्वे स्थानक आणि सिंधी कॅम्पचे बसस्थानक यांच्या निकट वसलेल्या बनी पार्क या वस्तीत कलेक्टरेट आणि न्यायालये यांची वर्दळ जशी आहे, तशीच जुन्या कोठ्या आणि हवेल्या यांचे रूपांतर होऊन उभी राहिलेली अतिथिगृहेही आहेत. आणि दूरदेशीच्या प्रवाशांपर्यंत पोचण्यासाठी आपापले संकेतस्थळ असावे असे या अतिथिगृहांच्या मालकांना वाटू लागले, तेव्हापासून वेबपाने रचण्याचा व्यवसाय या भागात रुजला. माझी उमेदीची वर्षे याच व्यवसायात गेली. या अवधीत यंत्रे बदलली, ब्राउझर बदलले, पाने पाहणाऱ्यांच्या हातांत मोबाइल आले. परंतु एक तक्रार मात्र कायम राहिली. मजकुराला अमुक रंग, अमुक आकार, अमुक फाँट द्यावा असा नियम शैलीपत्रकात स्पष्टपणे लिहिलेला असतो, ब्राउझरने तो वाचलेलाही असतो, आणि तरीही पानावर अंमल दुसऱ्याच कोणाचा तरी चालतो. हा यंत्राचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा दुसरा एखादा नियम अधिक बलवान ठरलेला असतो. आणि तो कोणाचा, कोणत्या अधिकाराने प्रबळ झाला, याची चौकशी करण्याऐवजी आपल्याच नियमाचे बळ वाढवीत नेणे ही या व्यवसायातील सर्वांत महाग पडणारी सवय आहे, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत गेले आहे.

या बलाबलाचा विचार शैलीपत्रकांच्या जन्मापासूनचा आहे. होकून विउम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने सर्न या संशोधनसंस्थेत असताना 10 ऑक्टोबर 1994 रोजी आपली पहिली तजवीज प्रसिद्ध केली, तीत पानाचा लेखक आणि पानाचा वाचक या दोघांनाही मजकुराच्या रूपाविषयी बोलण्याचा हक्क दिलेला होता, आणि प्रत्येक नियमापुढे टक्केवारी लिहून त्या नियमाचा आग्रह किती आहे हे नमूद करावे, उरलेला हिस्सा पुढच्या शैलीपत्रकाच्या वाट्याला जावा, अशी विलक्षण कल्पना होती. टक्केवारी पुढे गळाली. बर्ट बॉस यांच्या सहकार्याने घडलेली आणि 17 डिसेंबर 1996 रोजी शिफारस म्हणून मान्य झालेली पहिली आवृत्ती टक्क्यांऐवजी बळाच्या उतरंडीवर उभी राहिली. तीत लेखकाने ‘इंपॉर्टंट’ अशी खूण केलेला नियम वाचकाच्या तशाच नियमावरही मात करीत असे. 1998 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत हा क्रम उलटवला गेला आणि अंतिम शब्द वाचकाचा ठरला. मंद दृष्टीच्या वाचकाला मोठी अक्षरे हवी असतील, तर पान रचणाऱ्याची हौस त्याच्या आड येता कामा नये, हा त्यामागील विचार मला या साऱ्या इतिहासातील अत्यंत उदात्त निर्णय वाटतो.

नियमानियमांतील विरोधाचा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. तुल्यबळ अशा दोन नियमांत विरोध आला तर सूत्रक्रमाने नंतरचा नियम प्रवृत्त व्हावा असे पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात सांगून ठेवले आहे, आणि सामान्य नियमापेक्षा अपवाद बलीयान हे तत्त्व पुढील वैयाकरणांनी सूक्ष्मपणे विवरिले आहे. या परिभाषांचा सर्वमान्य ग्रंथ, परिभाषेन्दुशेखर, हा काशीत राहिलेल्या नागेशभट्ट काळे या महाराष्ट्रीय पंडिताचा असून एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील कीलहॉर्न यांनी त्याचे संपादन आणि इंग्रजी भाषांतर केले. जयपूरच्या सवाई जयसिंहाने अश्वमेधासाठी नागेशभट्टांना पाचारण केले असता, काशीक्षेत्र न सोडण्याचे व्रत घेतल्यामुळे त्यांनी नकार दिला, अशी आख्यायिका आहे. ते इकडे आले नाहीत, परंतु त्यांचा ग्रंथ मात्र या शहरात बसून शैलीपत्रके तपासताना मला वारंवार आठवत आला आहे. कारण येथेही दोन नियम तुल्यबळ असतील तर नंतर लिहिलेला जिंकतो, आणि तुल्यबळ नसतील तर अधिक विशिष्टपणे निर्देश करणारा जिंकतो: घटकाच्या नावापेक्षा क्लास प्रबळ, क्लासपेक्षा आयडी प्रबळ, आणि घटकाच्या अंगावरच लिहिलेली इनलाइन शैली त्याहून प्रबळ. कितीही क्लास एकवटले तरी ते एका आयडीला हरवू शकत नाहीत, असा शास्त्रार्थ आहे. (काही ब्राउझरांत क्लासची गणना आठ बिटांच्या जागेत ठेवलेली असल्यामुळे दोनशे छप्पन्न क्लास एकत्र येताच आयडीचा पराभव होतो, हे 2012 साली उघडकीस आले, तेव्हा तो शास्त्रार्थही थोडा वेळ डळमळला होता.)

मराठीच्या बाबतीत मात्र आरंभीच्या काळात ओव्हरराइड, म्हणजे एका नियमाने दुसऱ्यावर केलेली मात, हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हता, तो अर्थाचा होता; आणि त्या काळाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आजच्या तरुण सहकाऱ्यांनी तो पाहिलेला नाही. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या स्पर्धेतून पुढे आलेला फाँट-टॅग जानेवारी 1997 च्या एचटीएमएल 3.2 या प्रमाणात दाखल झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलेल्या 4.0 या आवृत्तीने तो त्याज्य ठरवून शैलीपत्रकांचा पुरस्कार केला. इंग्रजी पानांना हा बदल सुखाचा होता. परंतु मराठी मजकूर तेव्हा रोमन अक्षरांच्याच संकेतांवर बसवलेल्या फाँटांत साठवला जात असे. संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची अर्थहीन ओळच होती, आणि तिला मराठीपण देणारी एकमेव गोष्ट म्हणजे भोवतालचा फाँट-टॅग. राजस्थानात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींचे एक वार्तापत्र तेव्हा वेबवर येत असे. त्याची पाने नव्या शैलीपत्रकाखाली आणली, तेव्हा परिच्छेद सुवाच्य राहिले, पण त्यांतील दुवे तेवढे अगम्य रोमन चिन्हांच्या रांगा होऊन बसले. कारण असे की शैलीपत्रकात दुव्यांना स्वतंत्र इंग्रजी फाँट नेमून दिलेला होता. दुवा फाँट-टॅगच्या पोटात असल्यामुळे त्याला मराठी फाँट मिळत होता तो वारशाने, आणि या व्यवस्थेत वारसा हा थेट नेमणुकीपुढे सदैव दुर्बल असतो, मग ती नेमणूक कितीही सामान्य सिलेक्टराने, म्हणजे नियम कोणाला लागू हे सांगणाऱ्या निर्देशाने, केलेली असो. ओव्हरराइडच्या निम्म्याअधिक तक्रारींचे मूळ आजही या एका भेदात सापडते: बाहेरच्या वेष्टनावर दिलेला नियम आतल्या घटकाला पोचतो, परंतु आतल्या घटकाविषयी कोणी एक शब्द जरी उच्चारला असेल तर तो शब्दच प्रमाण ठरतो.

या संकटातून सुटका केली ती युनिकोडने. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या 1991 सालच्या पहिल्याच आवृत्तीत झालेला असला, तरी सर्वसामान्यांच्या संगणकावर ती विंडोज 2000 आणि तिच्यासोबतचा मंगल फाँट यांच्या रूपाने आली. या फाँटाचे रेखन मुंबईचे अक्षरकार र. कृ. जोशी यांचे. तेथून पुढे फाँट बदलला तरी अक्षर अक्षरच राहू लागले, आणि ओव्हरराइडचा विषय पुन्हा रूपापुरता मर्यादित झाला.

शोध घेण्याची साधने मात्र बराच काळ अगदी तुटपुंजी होती. नियम का लागत नाही हे पाहण्यासाठी शैलीपत्रकाचा अर्धा भाग टिप्पणीत टाकून रद्दबातल करावा, पान पुन्हा उघडावे, दोष टिकला तर उरलेल्या भागाचा पुन्हा अर्धा करावा, संशयित घटकाला लाल चौकट द्यावी, ही त्या वेळची रीत. जानेवारी 2006 मध्ये जो हेविट यांनी फायरफॉक्ससाठी फायरबग प्रसिद्ध केले आणि घटकावर टिचकी मारताच त्याला लागू होणारे सर्व नियम बळाच्या क्रमाने, पराभूत नियमांवर आडवी रेघ ओढून, डोळ्यांपुढे मांडले जाऊ लागले. त्या आडव्या रेघेने आमच्या व्यवसायात क्रांती केली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. कारण अनुमानाची जागा प्रत्यक्षाने घेतली. पुढे ही सोय प्रत्येक ब्राउझरच्या अंगभूत साधनांत आली. तिचा उपयोग करण्याचाही एक क्रम असतो. आपला नियम यादीत मुळी दिसतच नसेल, तर बलाबलाची चर्चा व्यर्थ आहे: शैलीपत्रकाची जुनी प्रत कॅशमधून येत असेल, सिलेक्टर त्या घटकाला लागत नसेल, किंवा आधीच्या ओळीचा अर्धविराम सुटल्यामुळे पुढची घोषणा तिच्यातच विरघळून दोन्ही निकालात निघाल्या असतील; न समजलेली घोषणा निमूट टाकून द्यावी, अशीच ब्राउझरला आज्ञा आहे. नियम दिसतो पण खोडलेला आहे, तरच त्याला कोणी खोडले हे विचारावे. आणि नियम अबाधित असूनही अक्षर निराळेच दिसत असेल, तर प्रत्यक्ष कोणत्या फाँटाने ते काढले हे पाहावे. कारण नव्या नियमाच्या फाँटयादीतून देवनागरी फाँटाचे नाव गळाले असले, तर यादीतला रोमन फाँट ‘क’ काढू शकत नाही आणि ब्राउझर परस्पर यंत्रातला कोणता तरी फाँट उचलतो.

साधने आली तरी सवय गेली नाही. तयार थीम विकत घेऊन त्यांवर आपले संस्कार करण्याचा प्रघात पडला, आणि ग्राहकाने शब्दलेखकातून उचलून चिकटवलेल्या मजकुराबरोबर इनलाइन शैलींचे लटांबर येऊ लागले, तसा ‘इंपॉर्टंट’चा वापर सर्रास झाला. बनी पार्कमधल्या एका अतिथिगृहाच्या पानाचे उदाहरण माझ्या चांगले स्मरणात आहे. इंग्रजी शीर्षके ऐसपैस दिसावीत म्हणून थीमने सर्व शीर्षकांना अक्षरांतर वाढवून दिले होते. हिंदी पानावरील ‘आपका स्वागत है’ या शीर्षकाची शिरोरेषा त्यामुळे जागोजागी तुटली होती आणि वेलांट्या-काने आपल्या अक्षरांपासून परके झाल्यासारखे दिसत होते. अक्षरांतर शून्य करणारा नियम लिहिलेला होता, परंतु थीमच्या सिलेक्टरात आयडी असल्यामुळे तो खोडला जात होता. कोणी तरी त्यावर ‘इंपॉर्टंट’ लावला, सोबत आकारालाही लावला, आणि मग मोबाइलसाठी लिहिलेला लहान आकार चालेनासा झाला, कारण पडद्याच्या रुंदीची अट घातल्याने नियमाचे बळ तसूभरही वाढत नाही. या गुंत्याचा उलगडा बळाने झाला नाही. अक्षरांतर हा रोमन लिपीपुरता विशेष नियम होता आणि तो सामान्य नियमाच्या आसनावर जाऊन बसला होता; त्याला तेथून उठवून इंग्रजी भाषेच्या अटीखाली त्याच्या योग्य स्थानी बसवताच दोन्ही ‘इंपॉर्टंट’ काढून टाकता आले. ओळींमधले अंतर, तिरपी अक्षरे, ठरावीक उंचीच्या चौकटीत कापले जाणारे रफार, या सर्वांची कथा हीच आहे: लॅटिन लिपीची सोय सार्वत्रिक समजली जाते आणि देवनागरीला आपल्याच पानावर अपवाद म्हणून अर्ज करावा लागतो. हे मला अन्यायाचे वाटते, आणि शैलीपत्रक लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ते वाटावे अशी माझी इच्छा आहे.

याच संदर्भात ‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांचा प्रश्न येतो. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयान्वये पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे मराठीसाठी प्रमाण मानली, आणि काही देवनागरी फाँटांत ती मराठीची स्थानिक रूपे म्हणून घातलेलीही असतात. मात्र पानावर भाषा मराठी असल्याचे नमूद असेल तरच ती प्रकट होतात. हिंदी पानांच्या साच्यावर बेतलेल्या आमच्या वार्तापत्रात ते नमूद नव्हते. भाषासंकेत दुरुस्त करताच परिच्छेदांतील ‘ल’ पालटला, शीर्षकांतला पालटला नाही. शीर्षकांसाठी कोणी निराळाच फाँट नेमून ठेवलेला होता आणि त्यात ती रूपेच नव्हती. नेमणूक काढून घेतली, शीर्षकांना परिच्छेदांचा फाँट वारशाने मिळाला, आणि काम झाले. येथे उपाय नियम वाढवण्यात नसून कमी करण्यात होता.

2022 च्या आरंभी प्रमुख ब्राउझरांत कॅस्केड लेयर आले, आणि उतरंडीचे स्तर शैलीपत्रकातच जाहीर करण्याची सोय झाली: थीमचा स्तर खाली, आपला वर, मग खालच्या स्तरातील सिलेक्टर आयडीने कितीही सजलेला असो, वरच्या स्तरातला साधा घटकनियम त्याच्यावर मात करतो. स्तराबाहेर लिहिलेला सामान्य नियम मात्र सर्व स्तरांहून प्रबळ, आणि ‘इंपॉर्टंट’ नियमांच्या बाबतीत हा सारा क्रम उलटा. ही शेवटची तरतूद नवख्यांना चमत्कारिक वाटते; तिच्यात 1998 च्या त्या निर्णयाचाच न्याय आहे, की आधीच्या स्तराने अत्यावश्यक म्हणून राखून ठेवलेली गोष्ट नंतरच्याने सहज मोडू नये.

वार्तापत्राचे शैलीपत्रक आता या स्तरांत मांडलेले आहे. फाँट-टॅगच्या काळातील जुने अंक तेवढे त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत, कारण त्यांचे युनिकोडात रूपांतर यंत्रावर सर्वस्वी सोपवता येत नाही: जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर टंकलेला असे, युनिकोडात दोन्ही उच्चारक्रमाने बसवावे लागतात, आणि जोडाक्षरांपाशी डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. दिवाळी अंक तपासून झाले आहेत. दुव्यांनी भरलेली अनुक्रमणिकांची पाने आता हाती घेतली आहेत.