उतारवयांतलें चालणें-बोलणें

नोकरींतून निवृत्त झालेल्या मनुष्यास घरच्या मंडळींकडून पहिली देणगी मिळते ती विश्रांतीची. ‘जन्मभर राबलांत, आतां स्वस्थ बसा,’ असें मुलगा म्हणतो. सूनबाई पाण्याचा तांब्या हातांत आणून देतात. भाजीची पिशवी नातवाकडे जाते आणि विजेचें बिल भरण्याचें काम मुलाच्या मोबाइलकडे. यांत प्रेमावांचून दुसरें कांहीं नसतें, हें आम्ही जाणतों. तरी पण अशा रीतीनें दोन-तीन वर्षें गेलीं, म्हणजे ज्या गृहस्थाच्या एका हुंकारासरशी सारा वर्ग चिडीचूप होई, तो ओटीवरच्या खुर्चींत देव्हाऱ्यांतील मूर्तीप्रमाणें बसून राहतो. मूर्तीस नैवेद्य वेळच्या वेळीं मिळतो. तिला कोणी कांहीं विचारीत मात्र नाहीं.

या प्रेमळ बंदिवासांत जे कधीं सांपडलेच नाहींत, त्यांत महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. जन्म १८ एप्रिल १८५८, देहावसान ९ नोव्हेंबर १९६२. म्हणजे आयुष्य १०४ वर्षांचें. लहानपणीं परीक्षेस बसण्याकरितां ते मुरुडाहून साताऱ्यापर्यंत, सह्याद्रीचा घाट चढून, शंभराहून अधिक मैल पायीं गेले. आणि वय फार लहान दिसतें म्हणून परीक्षेस बसूं न दिल्यामुळें तसेच परत आले! पुढें हिंगण्याच्या माळावर आश्रमाची झोंपडी उभी राहिली, तेव्हां फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताचे तास आटोपून चिखल तुडवीत तिकडे जाणें हा त्यांचा नित्यक्रम होता. परंतु आम्हांस अधिक कुतूहल आहे तें त्यांच्या सत्तरीनंतरच्या आयुष्याचें. सन १९२९ मध्यें, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, ते परदेशच्या प्रवासास निघाले आणि युरोप, अमेरिका, जपान पाहून आले. सन १९३६ मध्यें, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, जेथें शाळा नाहींत अशा खेड्यांसाठीं त्यांनीं ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलें. १९४४ मध्यें समता संघ स्थापिला, तेव्हां वय ८६ होतें. ‘भारतरत्न’ मिळालें तें शंभरीस.

अण्णासाहेब प्रकृतीसाठीं चालत नव्हते. त्यांना कोठें तरी पोंचावयाचें असे. आमच्या वाशीमांत पद्मतीर्थाच्या बाजूस पहाटे फिरावयास येणारी मंडळी आम्ही रोज पाहतों. त्यांतील कित्येकांची दृष्टि तळ्याकडे नसते, कीं सोबत्याकडे नसते. ती मनगटावरच्या घड्याळांत पावलांचा आंकडा मोजीत असते. मोजावा, त्यास हरकत नाहीं. पण येतांना बाजारांतून कोथिंबिरीची जुडी तरी आणावी, म्हणजे घरीं कोणी वाट पाहत असतें.

व्यायामाच्या बाबतींत आमचा वाग्भटाशीं नम्र मतभेद आहे. ‘अष्टांगहृदयां’तील दिनचर्येच्या अध्यायांत बलवंतांनीं अर्ध्या शक्तीनें व्यायाम करावा असें सांगून, ज्यांनीं तो वर्ज्य करावा त्यांत बालकांबरोबर वृद्धांचीही गणना केलेली आहे. ही पंक्ति आमच्या पिढींतील पुष्कळांना फार सोईची वाटते. परंतु तिशी-चाळिशीनंतर मनुष्याचे स्नायु हळूहळू झिजूं लागतात व साठीनंतर ती झीज अधिक वेगानें होते, हें आतां निश्चित झालें आहे. आणि तिच्यावर विश्रांति हा उपाय नसून तेंच तिचें खाद्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०२० मध्यें जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत पासष्टीपुढील माणसांनींही आठवड्यांत निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व शक्तीचा अभ्यास ठेवावा, असें म्हटलें आहे. तोलाची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों. म्हाताऱ्यास अंथरुणास खिळविणारें जें मांडीच्या हाडाचें दुखणें, तें बहुधा न्हाणीघरांतील एका घसरण्यानें येतें. पूर्वी पाटावर जेवावयास बसतां-उठतां दिवसांतून दोन वेळां पायांचा व्यायाम आपोआप घडे. टेबल आलें आणि तो गेला. गुडघे बरे असतील त्यांनीं हाताचा आधार न घेतां खुर्चींतून दहा वेळां उठावें-बसावें. बाकीच्यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारून काय तें करावें. अर्ध्या शक्तीचा वाग्भटाचा दंडक मात्र आम्ही शिरसावंद्य मानतों.

आहाराविषयीं विस्तार करीत नाहीं. रात्रीं नुसत्या मऊ भातावर किंवा चहापोळीवर निजणें ही सात्त्विकता नव्हे; स्नायूंस डाळ, दूध, दहीं, उसळी यांतील सत्त्व वृद्धपणीं कमी नव्हे, अधिक लागतें. मूत्रपिंडाचा विकार असल्यास अर्थातच वैद्याची आज्ञा प्रमाण. आणि या वयांत तहानेची जाणीव मंदावत असल्यामुळें वैशाखांतल्या वऱ्हाडी उन्हांत तहानेची वाट न पाहतां पाणी प्यावें.

आतां बोलण्याकडे वळतों. आणि येथें आम्हांस स्वतःचीच फजिती सांगितली पाहिजे. सुमारें तीन वर्षें घरांतील माणसें तोंडांतल्या तोंडांत बोलतात अशी आमची तक्रार होती. पंक्तीला सर्वजण हंसले कीं आम्हीही हंसत असूं. प्रश्न कानीं नीटसा न आल्यास ‘बरें, पाहूं’ हें उत्तर कोठेंही चालतें, असा आमचा अनुभव होता. कोणी कानांत तेल घालावयास सांगितलें, तें कित्येक महिने घातलें. वार्धक्यांतील बहिरेपण बहुधा अंतःकर्णांतील सूक्ष्म पेशींच्या क्षयानें येतें. तेथवर तेल पोंचत नाहीं, हें पुढें कळलें.

एके दिवशीं सायंकाळीं नात शाळेंतील पाठांतराच्या चढाओढीसाठीं संस्कृत श्लोक म्हणून दाखवीत होती. आम्ही ‘उत्तम, स्पष्ट उच्चार!’ म्हणून तिची पाठ थोपटली. ती गोंधळून आजीकडे पाहूं लागली. तिनें आमची परीक्षा पाहण्याकरितां ‘श’च्या जागीं ‘स’ म्हटला होता, एकदां नव्हे, सातदां. ज्या अक्षरांसाठीं आम्ही चाळीस वर्षें मुलांचे कान पिळले, तींच आमच्या कानांतून निघून गेलीं होतीं आणि आम्हांस त्याचा पत्ता नव्हता! आमच्या कुटुंबाचें म्हणणें असें पडलें, कीं तुम्ही रागीट झालां आहां, या समजुतीनें मुलें वर्षभर तुमच्याशीं बोलावयास भितात. तें ऐकून आम्ही त्या रात्रीं नीट जेवलों नाहीं.

अकोल्यास जाऊन श्रवणाची तपासणी केली. तेथील तज्ज्ञ बाईंनीं आलेख पुढें ठेवून सांगितलें, कीं स्वर हे खालच्या पट्टींतले, ते ऐकूं येतात, म्हणून कोणी बोलत आहे हें कळतें. स, श यांसारखीं घर्षक व्यंजनें वरच्या पट्टींतलीं, तीं आधीं जातात, म्हणून काय बोलत आहे हें कळत नाहीं. तीन वर्षांची आमची तक्रार त्या एका कागदावर उतरली होती. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या मंडळानें सन २०२४ मध्यें बुद्धिभ्रंशाचीं टाळतां येण्याजोगीं चौदा कारणें दिलीं आहेत. रक्तदाब, मधुमेह यांच्या जोडीला श्रवणदोष, एकाकीपण व शरीराची निष्क्रियता हींही त्यांत आहेत. श्रवणयंत्र घेतलें. पहिले कांहीं आठवडे भांड्याचा आवाज मेघगर्जनेसारखा वाटून तें दोनदां खणांत पडलें. मेंदूस संवय होण्यास वेळ लागतो, हें ठाऊक नसल्यानें पुष्कळांचें यंत्र तेथेंच कायमचें राहतें. चष्मा लावण्यास जो लाजत नाहीं, तो यंत्र लावण्यास कां लाजतो, याचें उत्तर आम्ही अनुभवी असूनही देऊं शकत नाहीं.

माणसांत असणें म्हणजे केवळ माणसांनीं भरलेल्या घरांत असणें नव्हे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून बडोदें दरबारच्या सेवेंत होते. १९२५ मध्यें, साठाव्या वर्षीं, निवृत्त होऊन ते कामशेटास राहिले. दोन्ही मुलगे त्यांच्या हयातींतच गेले. असा मनुष्य भिंतीकडे तोंड करून बसता तर कोणी नांव ठेविलें नसतें. त्यांनीं पेशवे दप्तराचे ४५ खंड संपादिले, आणि ऐंशी उलटल्यावर, १९४६ ते १९४८ या काळांत, मराठ्यांचा नवा इतिहास तीन खंडांत इंग्रजींत प्रसिद्ध केला. त्यांचे परम स्नेही सर जदुनाथ सरकार. एक महाराष्ट्रीय, दुसरे बंगाली. मध्यें सारा हिंदुस्थान. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं जुळलेला हा स्नेह पत्रांच्या आधारें अर्धशतक टिकला. जदुनाथ १९५८ मध्यें गेले, सरदेसाई पुढच्याच वर्षीं. घरीं नातवंडें नसतांना या वृद्धाला पोस्टमनची वाट पाहण्यास कारण होतें.

आमचे एक सहाध्यायी कारंज्यास असतात. राज्य परिवहन महामंडळानें ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील नागरिकांस एस.टी.चा प्रवास विनामूल्य केला. पासष्टी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांस अर्धें तिकीट पडतें. साठ वर्षांपूर्वीं वडिलांच्या मांडीवर बसून अर्ध्या तिकिटानें गेलों, तसेच आतां मंगरुळपीरवरून कारंज्यास जातों. गुरुमंदिरांत दर्शन घेऊन दोघे पायरीवर बसतों. गेल्या खेपेस आम्ही विचारलें, ‘अमरकोशाची तुझी जुनी प्रत अजून आहे काय?’ त्यांनीं हंसून उत्तर दिलें, ‘बरें, पाहूं.’

आम्ही तें उत्तर ओळखलें. येत्या सोमवारीं त्यांना घेऊन अकोल्यास जावयाचें ठरविलें आहे. ते नाहीं म्हणतात. पण सूनबाईंस आम्ही आधींच कळवून ठेविलें आहे.