वेळापत्रकातील व्यायामाचा तास

शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. गणिताचा भाग मागे पडला किंवा परीक्षा जवळ आली की पहिला बळी याच तासाचा जातो, हेही सर्वांना ठाऊक आहे. मग हा तास शिक्षण आहे की शिक्षणातून मिळालेली सुटी?

प्रश्न जुना आहे. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. खेर जन्माने आपल्या रत्नागिरीचे. त्या सरकारने शारीरिक शिक्षणाच्या विचारासाठी स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि १९३८ मध्ये कांदिवलीस व्यायामशिक्षक तयार करणारी संस्था सुरू झाली. या विषयालाही शिकलेला शिक्षक लागतो, हे तेव्हाच मान्य झाले. पुढे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने सांगितले की, व्यायाम प्रत्येक मुलाच्या कुवतीप्रमाणे असावा, आणि चाळिशीच्या आतील सर्व शिक्षकांनी त्यात भाग घ्यावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यास आणि अभ्यासेतर हा भेद मोडण्यास सांगितले आहे.

म्हणजे उणीव विचारांची नाही. उणीव आहे ती आपल्या समजुतीत. शाळेला कबड्डीची ढाल मिळाली, की शारीरिक शिक्षण उत्तम चालले आहे असे आपण मानतो. पण ढाल बारा जणांची असते. वर्ग पन्नासांचा असतो. आम्ही शाळेत असताना संघातील मुलांच्या चपला नि शर्ट सांभाळत मैदानाच्या कडेला बसत असू. पुस्तकात ज्याला गती नाही, त्याला गुरुजी अधिक वेळ देत. धावण्यात ज्याला गती नाही, त्याला मात्र कडेला बसवीत. वस्तुतः व्यायामाची अधिक गरज त्या कडेच्या मुलालाच होती.

लांज्यासारख्या ठिकाणी आणखी एक अडचण सांगतात. येथे जूनमध्ये शाळा उघडते आणि पाऊसही तेव्हाच येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडणाऱ्या पावसात मैदान कोठून मिळणार? जांभ्याच्या उतारावर सपाट जागाही थोडीच. अडचण खरी आहे. पण सूर्यनमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते. आसने व्हरांड्यात होतात. मल्लखांबाला एक खांब आणि जाणता शिक्षक हवा. पावसाळ्याचे चार महिने यांसाठी ठेवावेत आणि खो-खो, कबड्डी, धावणे दिवाळीनंतर घ्यावे. अभ्यासक्रम याप्रमाणे ऋतूला धरून आखता येतो.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर अंगमेहनत करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्वी आमच्या मुलांची ही मेहनत शाळेच्या पायवाटेवरच होई. आता पुष्कळ मुले रिक्षाने किंवा एस.टी.ने येतात. वाटेने जे काम केले, ते आता शाळेने करावयाचे आहे.

तेव्हा पालकांनी प्रगतिपुस्तक पाहताना गणिताच्या गुणांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: आमचा मुलगा, आमची मुलगी या आठवड्यात किती वेळा घामाघूम झाली? हा प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागेल, तेव्हा तो तास गणितासाठी मागून घेणे कोणालाही सोपे जाणार नाही.