ट्रॅक्टरचे टायर व चाकें : निवड कशी करावी ?

ट्रॅक्टर घेतांना अश्वशक्ति किती, डिझेल किती लागेल, हप्ता किती बसेल, याची चौकशी आपले शेतकरी बंधू बारकाईनें करितात. परंतु ज्या चार चाकांवर हें सर्व यंत्र उभें राहावयाचें, त्यांची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. टायर झिजला म्हणजे दुकानदार देईल तो, अथवा शेजाऱ्याच्यापेक्षां उंच व रुंद दिसेल तो, बसविण्याकडे कल असतो. इंजिनाची शक्ति अखेर टायरच्या द्वारेंच कामास येते, व ट्रॅक्टरचा सर्व भार टायरमधूनच जमिनीस सोसावा लागतो. म्हणून टायरची निवड ही जमिनीच्या हिताचीही बाब आहे.

प्रथम टायरवरील अक्षरें वाचण्यास शिकावें. '१३.६-२८' याचा अर्थ, टायरची रुंदी १३.६ इंच व तो ज्या रिमवर बसतो तिचा व्यास २८ इंच. दोन आंकड्यांमध्यें आडवी रेघ असल्यास टायर जुन्या तिरप्या धाग्यांच्या बांधणीचा, व 'आर' हें इंग्रजी अक्षर असल्यास रेडियल बांधणीचा समजावा. रेडियल टायर महाग खरा. पण त्याची बाजू लवचिक असल्यानें तो जमिनीवर अधिक पसरून टेकतो. 'प्लाय रेटिंग'चा आंकडा टायरची भार सोसण्याची ताकद दाखवितो. बहुतेक टायरांवर चार आंकड्यांची तारीखही असते. '२३२४' म्हणजे सन २०२४ चा २३ वा आठवडा. रबर न वापरतांही जुनें होतें, यास्तव ही तारीख पाहिल्याशिवाय पैसे मोजूं नयेत.

नक्षीचेही प्रकार आहेत. 'आर-१' हा सर्वसाधारण शेतकामाचा टायर होय. 'आर-२' च्या पट्ट्या फार खोल असून तो भातखाचरासारख्या चिखलाच्या जागीं उपयोगी. मात्र डांबरी रस्त्यावर तो लवकर झिजतो. ज्यांचा ट्रॅक्टर वर्षांतून बराच काळ रस्त्यावर ट्रॉली ओढतो, त्यांनीं 'आर-२' च्या मागें लागूं नये.

आतां मोठ्या टायरच्या हौसेविषयीं. मूळच्या रिमवर तिच्या मापापेक्षां फार रुंद टायर चढविल्यास त्याच्या कडा नीट बसत नाहींत व मधला भागच तेवढा झिजतो. उंच टायरानें ट्रॅक्टर वर उचलला जातो. त्यामुळें प्रत्येक गिअरमध्यें वेग वाढतो, ओढ घटते, आणि उतारावर किंवा बांधावर उलटण्याचें भय वाढतें. चारही चाकें ओढणाऱ्या ट्रॅक्टरांत तर पुढच्या व मागच्या चाकांच्या परिघाचें प्रमाण ठरलेलें असतें. केवळ मागचे टायर बदलल्यास हें प्रमाण बिघडून आंतील दांत्यांवर ताण येतो. असा बदल कंपनीच्या कोष्टकाप्रमाणें, पुढचे व मागचे मिळूनच करावा.

रुंद टायरचा खरा लाभ एवढाच कीं, तोच भार कमी हवेवर उचलतां येतो. जमिनीच्या वरच्या थरावर पडणारा दाब साधारणतः टायरमधील हवेच्या दाबाइतका असतो. रुंद टायर घेऊन त्यांत पूर्वींइतकीच हवा ठासली, तर पैसे वायां गेले असें समजावें. शेतांत हवा कमी व रस्त्यावर अधिक, हा नियम. तथापि कोष्टकांतील किमान आंकड्याच्या खालीं जाऊं नये, नाहींतर टायरची बाजू मोडते.

काळ्या जमिनींत वाफसा येण्यापूर्वीं चाक फिरलें, तर माती दबून घट्ट होते व पाणी मुरत नाहीं. ऊस भरलेली ट्रॉली ही तर विशेष घातक. तिचे टायर अरुंद व कडक हवेचे असतात. ती ओल्या सरींतून ओढल्यास खोडव्याचीं बेटें चिरडतात, आणि त्याचें नुकसान पुढील सबंध हंगाम सोसावें लागतें. खोल थरावरील दाब मुख्यतः आंसावरील एकूण वजनावर अवलंबून असल्यामुळें तेथें नुसता रुंद टायर पुरा पडत नाहीं. शेत ओलें असतां ट्रॉली रस्त्याकडेस उभी करून मोळ्या बाहेर आणाव्या. मजुरी वाढली तरी खोडवा वांचतो.

चाकांवर वजन किती ठेवावें, हें पाहण्याची सोपी रीत अशी : मागील टायरवर खडूनें खूण करून, नांगर जमिनींत असतां चाकाचे १० फेरे होईतों ट्रॅक्टर चालवावा व तेवढें अंतर आंखावें. मग नांगर उचलून त्याच अंतरांत किती फेरे होतात तें मोजावें. साडेआठ ते नऊ भरले तर ठीक. आठ किंवा कमी भरल्यास चाक फार घसरतें, वजन वाढवावें. दहाच्या जवळ भरल्यास वजन जास्त आहे, तें उतरवावें.

शेवटीं एक सूचना. प्रत्येक टायरचें माप, तारीख, किंमत, बसविल्याचा दिवस व भरलेली हवा यांची नोंद एका वहींत ठेवावी. दोन वर्षांनीं पुन्हां दुकानाची पायरी चढतेवेळीं दुकानदाराच्या शब्दापेक्षां ती वहीच अधिक खरा सल्ला देईल.