काच घासणाऱ्यांची सव्वाशे वर्षं

पुण्याहून रेल्वेने सोलापूरला येताना भिगवण मागे पडलं की काही वेळाने जेऊर लागतं. करमाळा तालुक्यातलं हे स्टेशन. २२ जानेवारी १८९८ रोजी इथून खग्रास सूर्यग्रहण दिसलं आणि त्या निमित्ताने जगातली काही उत्तम उपकरणं या माळरानावर येऊन उभी राहिली. प्लेगची वर्षं होती ती. तरीही कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन इथे तळ देऊन राहिले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचंही पथक इथेच होतं. त्यांचा जेऊरच्या वेधांचा अहवाल पुढे १९०२ मध्ये छापून आला.

याच ग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला उतरले होते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवताना हेलियमचा शोध १८६८ साली तिथेच लागला असं आजही सांगितलं जातं. ते खरं नाही. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडातच होते. कोकणात ते आले १८९८ ला. विजयदुर्गाची ही चुकीची गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या जेऊरची खरी गोष्ट सोलापूरकरांनाही ठाऊक नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

नायगमवालांच्या पुण्यातल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत वीस इंची परावर्ती दुर्बीण होती, त्या काळी देशातली सर्वांत मोठी. तिचा आरसा इंग्लंडात ए. ए. कॉमन यांनी घडवलेला, बाकीचा सांगाडा डब्लिनच्या हॉवर्ड ग्रबचा. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. १९८० च्या दशकात तीच दुर्बीण लडाखमध्ये, लेहला, नव्या वेधशाळेसाठी जागेची पारख करायला वापरली गेली. आरसा नीट घडला असेल तर तो किती पिढ्यांना पुरतो, ते यावरून कळावं. पण त्या काळात आपल्याकडे वेध घेणारे हात होते, काच घासणारे नव्हते. उपकरण बोटीने यायचं आणि काम संपलं की पेटीत बंद व्हायचं.

हौशी माणसाने स्वतः आरसा घडवावा, ही कल्पना ज्यामुळे शक्य झाली ते काम फ्रान्समध्ये लेआँ फुकोने केलं. १८५० च्या दशकाच्या अखेरीस त्याने धातूच्या आरशाऐवजी काचेवर चांदीचा पातळ मुलामा वापरला आणि त्याच सुमारास आरसा तपासायची एक विलक्षण साधी रीत शोधली. पुढे अमेरिकेत व्हरमाँटमधल्या स्प्रिंगफील्ड गावी रसेल पोर्टर यांनी कारखान्यातल्या कामगारांना हाताशी धरून आरसे घासायला शिकवलं. १९२५ पासून अल्बर्ट इंगल्स यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून ही विद्या घरोघरी पोहोचवली. हे शिकणारे शास्त्रज्ञ नव्हते. लेथवर उभं राहणारे, मोजमापाची सवय असलेले लोक होते. गिरण्या, माग आणि त्यांचे सुटे भाग दुरुस्त करणारे मिस्त्री ज्या गावात पिढ्यान् पिढ्या आहेत, त्या सोलापूरला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही.

महाराष्ट्रात संघटितपणे आकाश पाहणं सुरू झालं ते १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली तेव्हापासून. त्या काळी तयार दुर्बीण परदेशातून आणणं म्हणजे परवाना, जकात आणि न परवडणारी किंमत. त्यामुळे ज्याला दुर्बीण हवी त्याने काच शोधायची. मोडीत निघालेल्या जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच हा हौशी मंडळींचा मोठा आधार. घासायला कार्बोरंडमची पूड, म्हणजे मोझेइक फरशी घासणाऱ्याच्या दगडात असतं तेच द्रव्य. चकाकीसाठी चष्म्याच्या काचा घासणाऱ्याकडची पूड. ही पूड ज्या चिकट थरावर लावून आरसा चकाकवायचा त्या पिचसाठी राळ आणि डांबर. शेवटचा अॅल्युमिनियमचा मुलामा मात्र निर्वात भांड्यातच चढतो, आणि ती सोय मोठ्या शहरातच. त्यासाठी आरसा कापडात गुंडाळून न्यावा लागे.

१९८६ चं वर्ष दोन अर्थांनी महत्त्वाचं. तमिळनाडूत कावलूरला २.३४ मीटरची दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. तिचा आरसा ए. पी. जयराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातच घासून तयार केला होता. त्याच वर्षी हॅलेचा धूमकेतू आला आणि गावोगावची मुलं पहाटे गच्चीवर चढली. पुढे १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली. अरविंद परांजपे यांच्यासारख्या खगोलप्रसारकांनी तिथे दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आणि शाळा-कॉलेजांतली मुलं-माणसं स्वतःचा आरसा घेऊन घरी परतू लागली. हेल-बॉप धूमकेतू, २००३ मधला जवळ आलेला मंगळ, ८ जून २००४ चं शुक्राचं अधिक्रमण, अशा प्रत्येक घटनेनंतर हौस वाढत गेली.

बहुतेकांचा पहिला आरसा सहा इंची, नाभीय अंतर बाराशे मिलिमीटरच्या आसपास. त्यामागे विचार आहे. एकावर एक ठेवलेल्या दोन काचा सगळ्या दिशांनी फिरवत घासल्या की वरची खोलगट होते, खालची फुगीर. सगळीकडे एकमेकींना चिकटून राहायचं तर दोघींना गोलाचाच आकार घ्यावा लागतो. म्हणजे गोल आपोआप मिळतो. या आरशाची मधली खोली भरते जेमतेम १.१७ मिलिमीटर. दुर्बिणीला खरा हवा असतो अन्वस्त, पॅराबोला. या मापाच्या आरशात गोल आणि अन्वस्त यांच्यातला फरक ०.०००३ मिलिमीटरहूनही कमी आहे. त्यामुळे निव्वळ गोल राहिला तरी शनीची कडी दिसतात. नवशिक्याला निराश न करणारं माप आहे ते.

पण ०.०००३ मिलिमीटर मोजायचं कशाने? इथे फुकोची रीत कामी येते. आरशासमोर २४०० मिलिमीटरवर एक बारीक छिद्रातला दिवा आणि त्याच्या शेजारी दाढीचं पातं. परत येणारे किरण पात्याने हळूच कापायचे आणि मागून डोळा लावायचा. आरसा गोल असेल तर सगळा एकदम करडा होतो. अन्वस्त असेल तर सपाट काचेवर मेदूवडा ठेवल्यासारखी सावली उठते. पुठ्ठ्याला खिडक्या कापून मधला भाग आणि कडा वेगवेगळी तपासली, की त्या अदृश्य फरकाचं पात्याच्या सरकण्यात २.३ मिलिमीटरचं माप होतं. ते साध्या पट्टीवर वाचता येतं. काचेवर मिनिटभर अंगठा टेकवला तर तिथे उबेने आलेला फुगवटा टेकडीएवढा दिसतो आणि थोड्या वेळाने विरतो. दिवा, पातं आणि पट्टी एवढ्या सामानात प्रकाशाच्या तरंगलांबीपर्यंत पोहोचता येतं, याचं अप्रूप मला आजही ओसरलेलं नाही.

सोलापूरच्या हवेला या कामात स्वतःचं म्हणणं आहे. इथे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा पिच वाहतं, त्यात कापलेल्या चरी बुजतात आणि आरशाची कडा जास्त झिजून पडते. थंड देशांतल्या पुस्तकातलं प्रमाण इथे उपयोगाचं नाही. राळ वाढवून पिच कडक करावं लागतं आणि नखाने दाबून पाहावं लागतं. पत्र्याखाली तपासणी करायला बसलं तर गरम हवेचे लोट पात्यामागे धुरासारखे वाहताना दिसतात, आरसा दिसतच नाही. चकाकीचं आणि तपासणीचं काम खरं जमतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पहाटे. याच कोरड्या हवेने रात्री मात्र आपल्याला भरपूर दिलं आहे. पर्जन्यछायेतला हा प्रदेश शेतकऱ्याला छळतो, पण आकाश पाहणाऱ्याला वर्षातले कितीतरी महिने मोकळं आकाश देतो.

या सगळ्या वाटचालीत एक गोष्ट मागे राहिली असं माझं ठाम मत आहे, ती म्हणजे तपासणी. कार्यशाळेचे दिवस मोजके असतात. घासणं दिसतं, आवाज करतं, दहा जण एकत्र करू शकतात. तपासणी एकट्याने, अंधारात, आरसा थंड होण्याची वाट बघत करायची. मग ती शिकवणाऱ्याकडेच राहते. शिकणाऱ्याला आरसा मिळतो, पण तो कसा आहे हे सांगणारी नजर मिळत नाही. गावी परतल्यावर दुसरा आरसा घासणारे म्हणूनच थोडे निघाले. आता तर घरपोच येणारी तयार दुर्बीण, काच, पूड आणि मुलामा यांच्या एकत्र खर्चाशी बरोबरी करते. स्वस्तात दुर्बीण मिळावी म्हणून आरसा घासायचं कारण उरलेलं नाही, आणि ते मान्य करायला हवं. उरलेलं कारण फुकोच्या पात्यामागे दिसतं. शाळेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी मांडायला एक अंधारी खोली आणि एखादा जुना आरसा पुरे.

असे आरसे आहेतही. कार्यशाळांतून आलेल्या कित्येक दुर्बिणी शाळांच्या कपाटांत पडून आहेत, आरसा काळवंडला म्हणून बाद ठरवलेल्या. काळवंडतो तो वरचा मुलामा, काही वर्षांत हवेने आणि धुळीने. खालच्या काचेचा घडवलेला आकार तसाच असतो. जुना मुलामा रसायनाने उतरवून नवा चढवता येतो. मुलामा उतरवल्यावर आणि नवा चढवण्याआधी तो आरसा एकदा पात्यासमोर ठेवावा. उघड्या काचेवरून परतणारा चार टक्के प्रकाश या तपासणीला पुरतो.