परसातील पेरू व त्यातील अळी

विदर्भात जाम म्हणून परिचित असलेला पेरू आरमोरीकडील भातपट्ट्यात परसात सहज होतो. बुंध्याशी पावसाचे पाणी मात्र साचू देऊ नये. पुण्याच्या गणेशखिंड बागेत निवडलेली ‘सरदार’ (लखनौ ४९) ही जात चांगली.

उन्हाळ्याच्या आरंभी फुलणाऱ्या बहराची फळे पावसाळ्यात पिकतात. ती बेचव असतात व त्यांत फळमाशी अंडी घालते. गळलेल्या फळांतील अळ्या मातीत शिरून कोष करितात. म्हणून अशी फळे रोज वेचून दोन फूट खोल पुरावीत. मोठ्या झाडाचे उन्हाळ्यात पाणी तोडून मृगबहार धरल्यास हिवाळ्यात गोड फळे मिळतात.

अळीमुळे झाड तोडणे अनाठायी होय. बरणीत ओलसर माती व किडका पेरू ठेवून तोंडास पातळ कापड बांधावे. काही दिवसांनी निघणाऱ्या माश्या विद्यार्थ्यांस दाखवाव्यात.