२२ नंबरचं दार

व्हीपीएस भाड्याने घ्या, आयपी ॲड्रेस हातात पडू द्या. तुम्ही चहा घेऊन येईपर्यंत कडी वाजायला लागलेली असते. ऑथ लॉग उघडून बघा. ‘रूट’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘ओरॅकल’ अशी नावं सांगत जगभरचे बॉट पासवर्ड घासून बघत असतात. तुमच्यावर खास राग वगैरे काही नाही, ते सगळ्यांच्याच दारात जातात.

हे दार म्हणजे एसएसएच, दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची वाट. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरले. टेलनेटवरून ते तेव्हा उघडेवाघडेच जायचे. तिथल्या ताटू युलोनेनने मग स्वतःच प्रोग्रॅम लिहिला. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३, मधला २२ रिकामा! पोर्ट वाटणाऱ्यांना ईमेल करून त्याने तो मागितला आणि दुसऱ्या दिवशी मिळालासुद्धा. ना शिफारस, ना खेटे.

पासवर्डऐवजी की वापरायची, तर ती बनवताना टर्मिनलवर ठिपके, अधिकची चिन्हं यांची एक विचित्र रांगोळी उमटते. ती उगाच नसते. १७ बाय ९ च्या पटावर बुद्धिबळातला एक झिंगलेला उंट तिरका तिरका भटकतो, कुठे वळायचं ते कीचा फिंगरप्रिंट ठरवतो. एखाद्या घरात तो जितक्या वेळा येतो, त्याप्रमाणे तिथलं चिन्ह बदलतं. की बदलली की रांगोळी बदलली, हे डोळ्यांना चटकन कळावं म्हणून हा खटाटोप. (रोज कोण बघतं म्हणा!)

प्रायव्हेट कीची फाइल इतरांना वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. परमिशन ६०० करा, मगच पुढे.

२०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय, हे खटकलं. खोदत गेला, तर एक्सझेड नावाच्या साध्या कॉम्प्रेशन टूलमध्ये चोरवाट निघाली. अर्ध्या सेकंदासाठी इतका हट्ट धरणारी माणसं जपून ठेवावीत.

आणि हो, पासवर्ड लॉगिन बंद करताना चालू सेशन तोडू नका. दुसरी विंडो उघडून कीने आत जाता येतंय का ते आधी बघा. नाहीतर बॉटबरोबर तुम्हीही बाहेर, आणि मग प्रोव्हायडरच्या वेब कन्सोलमधून मागच्या दाराने शिरणं आलं.